पदराचा धागा

काकींकडे भाड्याने खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी माझा पदर हातात घेतला. पिस्ता रंगाची जॉर्जेटची साडी होती. मालवणच्या शाळेत नोकरी लागली म्हणून आईने खास घेतलेली. मला वाटलं, बाई साडीचं कौतुक करतायत. त्यांनी पदराच्या काठाचा एक धागा नखाने उपसला, कनवटीची काडेपेटी काढली, काडी ओढली आणि माझ्या नि बाबांच्या डोळ्यांदेखत तो धागा जाळला. धागा आक्रसला, वाकडा झाला आणि टोकाला काळी गोळी धरून विझला. ती गोळी दोन नखांत दाबून त्यांनी मला दाखवली.

"बघलंस? ह्यां अंगावर घालून माज्या चुलीकडे येवचा नाय. सुती साडी आसा तुज्याकडे?"

"आसा एक."

"एकीन काय होता? दोन तरी होयी. नायतर खानावळीत जेव."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरं घर बघूया का, असा त्यांचा चेहरा होता. पण शाळा जवळ होती, खोलीला वारा होता, विहिरीला पाणी होतं. मी राहिले. लग्न होऊन कुडाळला परत जाईपर्यंत तिथेच राहिले, आणि त्यानंतरही काकींकडे जाणं कधी सुटलं नाही.

काकी उंच, काटक. मूलबाळ नाही. नवरा बोटीवर असायचा, तो मी येण्याच्या कितीतरी आधी वारलेला. बाई नेहमी सुती साडीत, पदर कमरेला गच्च खोचलेला, आणि कनवटीला काडेपेटी. विडी ओढत नाहीत, देवापुढे समईसुद्धा सकाळी एकदाच, तरी काडेपेटी कायम जवळ. लग्न असो, बारसं असो, हळदीकुंकू असो, काकी आल्या की बायका आपापले पदर आवरून घ्यायच्या. कारण काकी वाण घेण्याआधी पदर घेणार, धागा उपसणार आणि निकाल देणार. "सुती. नेस." किंवा "गोळी. घरात गेल्यार बदल." एकदा एका नव्या नवरीच्या साडीचा धागा त्यांनी भर मांडवात जाळला, तेव्हा वरमाय चवताळून उठली होती. काकी म्हणाल्या, "शेला सुती आसा, साडी नाय. चुलीच्या पूजेक हिका बदलून आणा." आणि जेवायला बसल्या.

बाजारातल्या कापडाच्या दुकानात तर त्या शिरल्या की मालक स्वतः पुढे यायचा. "काकी, सगळा नायलॉन आसा. जाळू नकात, माकाच ठावक आसा."

त्यांच्या माजघरात एक फोटो होता. कितीतरी दिवस मला वाटत होतं की तो त्यांच्या कुणा मुंबईच्या नातेवाईक बाईचा आहे. बिनबाह्यांचा ब्लाऊज, फुगीर अंबाडा, डोळ्यांवर काळा चष्मा आणि अंगावर इतकी झुळझुळीत साडी की खालच्या परकराची किनार दिसावी. ती बाई म्हणजे काकी. वाडीतल्या सगळ्या बायका काष्टा घालत होत्या त्या काळात पहिली गोल साडी नेसली ती यांनीच. पहिला बिनबाह्यांचा ब्लाऊज यांचाच. नवऱ्याने बाहेरदेशाहून नायलॉनची साडी आणली तेव्हा ती बघायला बायका विहिरीवर जमल्या होत्या. धुवायला सोपी, पिळली की सुकते, इस्त्री नको, रंग जात नाही. गावातल्या बायकांचा अर्धा जन्म लुगडी आपटण्यात गेलेला. त्यांना ती साडी म्हणजे चमत्कारच वाटला असणार.

मग हीच बाई अशी कशी झाली? गावात त्याचं उत्तर तयार होतं. काकींनी ती नायलॉनची साडी धाकट्या बहिणीला लग्नात दिली. बहीण विजयदुर्गाकडच्या एका गावात दिलेली. स्टो भडकला, साडीने पेट घेतला, पोर गेली. तेव्हापासून काकींच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला हे सगळ्यात आधी शाळेच्या शिपाईणबाईंनी सांगितलं, मग दुधवाल्याने, मग आमच्या मुख्याध्यापकांनी. सगळ्यांचे शब्द जवळजवळ सारखे होते. मीही ते खरं मानलं. न मानायला काही कारण नव्हतं.

काकींची एकच फूटपट्टी होती, त्यामुळे बदलत्या फॅशनबद्दल त्यांची मतं कुठल्याच गटात बसायची नाहीत. म्हाताऱ्या बायका ज्याला नावं ठेवायच्या ते काकींना आवडायचं आणि तरुण पोरी ज्यावर भाळायच्या ते नको असायचं. गाऊन आला तेव्हा गावात केवढा गदारोळ! घरातल्या पुरुषांनी बायकांशी बोलणं सोडलं होतं. काकींनी मात्र पहिल्याच महिन्यात दोन शिवून घेतले. "सुती आसा. पदर नाय, काय लोंबत नाय. ज्या कोणी काढल्यान तेचा भला होव." आणि खांद्यावर पंचा टाकून गाऊनवर थेट मासळीबाजारात गेल्या. तिथे एका म्हाताऱ्याने काहीतरी टोमणा मारला, तर म्हणाल्या, "तुका बघूक लाज वाटता तर सुरमई बघ." पुढे वाडीतल्या सगळ्याच बायका तसा पंचा टाकून फिरायला लागल्या, आणि हे कुणी सुरू केलं ते सगळे विसरले.

पंजाबी ड्रेसच्या वेळी तर त्या आमच्या शाळेत आल्या. आम्हा तरुण शिक्षिकांना ड्रेस घालायचा होता, संस्थेच्या लोकांचा विरोध होता. मी घरी काहीतरी कुरकुरले असेन. दुसऱ्या दिवशी काकी मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर. मुख्याध्यापक म्हणाले, "काकी, साडी ही आपली संस्कृती आहे." काकी ऑफिसात शिरल्या की शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. म्हणाल्या, "संस्कृती तुम्ही नेसून स्वयंपाक करता काय?" आणि निघून आल्या. परवानगी मिळायला त्यानंतर पुष्कळ काळ गेला. पण परवानगी मिळाली आणि मी ड्रेस घालून त्यांना दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी आधी ओढणीच ओढून घेतली. "ह्या शेपटाक पिना मार. ह्या पदराचाच पिल्लू."

माझं लग्न ठरलं त्या मे महिन्यात आम्ही खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोकमाची सोलं वाळत घालत होतो. सासरहून शालू आला होता. काकींनी हात धुतले, शालू मांडीवर घेतला आणि आतल्या बाजूने एक धागा काढला. जळताना केस जळाल्यासारखा वास आला. "रेशीम आसा," त्या म्हणाल्या. "बरी माणसां दिसतत." मला हसू आलं. मी म्हटलं, "काकी, साडयेवरना माणसां कळतत काय?"

त्यांनी शालूची घडी घातली. मग म्हणाल्या, "माज्या भयणीच्या अंगावर नायलॉन नव्हता."

मला आधी कळलंच नाही.

"गाव सांगता ता खोटा. ती गेल्यार मी तिका न्हाणलंय. माज्या हातान." त्या सोलं उलटी करत बोलत होत्या. "कमरेची गाठ रवलेली. हिरव्या चौकड्याचा सुती लुगडा. जळलला होता थय नुसती राख. हात लावल्यार उडा होती. नायलॉन कसो जळता माका म्हायत होता. माज्याच एका साडयेक उदबत्ती लागलली. ता कातडेक चिकाटता गो. तिच्या अंगाक काय चिकाटला नव्हता."

आणि ती नायलॉनची साडी? काकींनी ती त्याच दिवशी पाहिली. मागच्या परसात, दोरीवर, आदल्या दिवशीच्या धुण्यातली. सासूला घाईगर्दीत ती काढून ठेवायचं भान राहिलं नव्हतं. काकींनी ती ओढून घेतली आणि पुढच्या पडवीत नेली. तिथे पोलीसपाटील आणि चार माणसं बसली होती. स्टो भडकला, नायलॉनने पेट घेतला, असं सगळं लिहून झालं होतं. काकींनी त्यांच्यासमोर गाठीतला एक धागा आणि दोरीवरच्या साडीचा एक धागा घेतला, घरातून काडेपेटी मागून आणली आणि दोन्ही जाळून दाखवले. माणसं बघत राहिली. एक जण म्हणाला, "बाये, नायलॉनची साडी काय जगात एकच आसता?" दुसऱ्याने काडेपेटी काढून घेतली. काकींच्या वडिलांनीच त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. त्यांच्या घरात लग्नाचा मुलगा होता, काकींचा भाऊ. पोलीस-कचेरी झाली असती तर त्याला मुलगी कुणी दिली असती?

"बापाशीन सांगल्यान, गेली ती गेली. घोवान बोटीवरना पत्र धाडल्यान, गप रव. आणि आवशीन..." आईवर आल्या तसा त्यांचा हात थांबला. "आवस माज्याशी मरापर्यंत बोलली नाय. म्हणा होती, तुज्या साडयेन खाल्ल्यान माज्या चेडवाक. मी दोनदा सांगूक गेलंय. ती कानार हात ठेयत होती. तिका ता ऐकूचा नव्हता. साडयेन मारल्यान म्हटल्यार मी वाईट. सासरच्यांनी मारल्यानी म्हटल्यार त्या घरात चेडू दिल्यान कोणी? तिनाच."

मी विचारलं, मग हे धागे जाळत फिरणं कशासाठी? लोक तर तुम्हाला वेडी म्हणतात.

"म्हणांदेत. नायलॉनचा माका भय आसा म्हणान समजतत ता बरां आसा. नायतर कोण पदराक हात लावक देतली? पण बघ, ह्या वाडयेतल्या सगळ्या बायलांका आता धागो जाळूक येता. उद्या खंयच्या चेडवाक पेटवल्यानी आणि साडयेचा नाव सांगल्यानी, तर एक तरी बायल म्हणतली, थांबा, आदी धागो जाळून बघूया. तेवा माज्याबरोबर कोण नव्हता."

मग त्यांनी मला शालू परत दिला आणि सोलांवर मीठ शिंपडायला सांगितलं.

लग्न झालं, मी कुडाळला गेले. काही वर्षांनी ती वेळ खरंच आली. काकींच्या समोरच्या घरातली नवी सून जळून मेली. दुपारची वेळ, घरात ती आणि नवरा दोघंच. नवरा रिक्षा चालवायचा, त्याचेही हात भाजले होते. नायलॉनच्या साडीने पेट घेतला, विझवताना हात भाजले, असं तो सांगत होता. तिची आई तारकर्लीहून धावत आली आणि खळ्यात लोळण घेऊन ओरडायला लागली, "जाळल्यानी माज्या चेडवाक!" पोलीस आले. आणि मग वाडीतल्या बायकांनी तेच केलं जे काकींना हवं होतं. कुणीतरी म्हणालं, "काकीक हाक मारा. काकी सांगतली."

हे मला काकींच्या शेजारणींनी सांगितलं, पुढे काकींनीही सांगितलं. काकी खळ्यात आल्या. हवालदारानेही त्यांना अडवलं नाही. नवरा भिंतीला टेकून उभा होता, आणि सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. काकींनी त्या मुलीवरची चादर बाजूला केली. धागा जाळायचीही गरज नव्हती. साडी कातडीशी एक झाली होती. तरी त्यांनी न जळलेल्या काठाचा एक धागा घेतला आणि जाळला. गोळी झाली.

"नायलॉनच आसा," त्या म्हणाल्या. "तेना सांगल्यान ता खरा."

मुलीची आई उठली. "तुजी भयण गेली म्हणान गावभर धागे जाळीत फिरलंस. माज्या येळार तेचीच बाजू घेतलंस?" असं म्हणून ती काकींच्या पायाजवळ थुंकली. नवरा रडत खाली बसला. वाडीतल्या ज्या बायकांनी काकींना हाक मारली होती, त्यांच्यापैकी एकही काकींबरोबर घरापर्यंत गेली नाही.

प्रकरण तिथेच मिटलं. पुढच्या वर्षी त्या रिक्षावाल्याने दुसरं लग्न केलं. वरात काकींच्या दारावरून गेली.

त्यानंतर मी गेले तर काकींच्या कनवटीला काडेपेटी नव्हती. ती देवळीत, समईच्या बाजूला. मी सिंथेटिक साडी नेसून मुद्दाम त्यांच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिले. काही बोलल्या नाहीत.

"काकी, पदर बघूचो नाय?"

"धागो कापड सांगता," त्या म्हणाल्या. "काडी कोणी लावल्यान ता सांगना नाय. ह्या माका त्या दिवशी खळ्यात कळला, चादर परत घालताना." आणि थोड्या वेळाने, "मी एवढी वर्षां शिकवलंय. बायलांबरोबर बापयेव शिकले आसतीत मा गो? आता शानो आसात तो सुती नेसलेल्या बायलेक हात लावचो नाय. पैली नायलॉन नेसवतलो."

मी म्हटलं, असं काही नसतं, त्याचे हात भाजले होते, तो खरंच विझवत होता. त्या म्हणाल्या, "तसाव आसात." पुढे त्यांनी कुणाचाच पदर धरला नाही.

दरम्यान सगळं बदलत गेलं. घरोघर गॅस आला. पोरी जीन्स घालून कॉलेजला जाऊ लागल्या, मग लेगिंग्ज, मग काय काय. साडी नेसायला माणूस बोलवावं लागतं असे दिवस आले. माझी मुलगी घागरा घालून काकींना दाखवायला गेली होती, सगळा चकचकीत पॉलिस्टर. जुन्या काकी असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. या काकी "बरी दिसतंस" म्हणाल्या. मुलगी परत येताना मला म्हणाली, "आई, किती गोड आहेत गं त्या. तू उगाच भीती घालायचीस." मला वाईट वाटलं. ती कुणाला भेटून आली ते तिला कसं सांगणार?

परवाच्या दिवाळीनंतर मी शेवटची गेले. काकी आता बहुतेक पडूनच असतात. त्यांच्या पुतणीने एक बाई ठेवली आहे. मी बसले, तशा त्यांनी त्या बाईला बाहेर पाठवलं आणि म्हणाल्या, "तो इल्लो."

तो म्हणजे त्या जळालेल्या धाकट्या बहिणीचा नवरा. इतक्या वर्षांत एकदाही न आलेला. दुसरं लग्न, मुलं, नातवंडं, सगळं झालेला. पावसाळा संपता संपता एका सकाळी देवगडच्या एसटीतून उतरून काठी टेकत एकटा आला. अंगात रोग होता, दिसतच होतं. पडवीत बसला आणि म्हणाला, "आक्का, ती साडी नायलॉनचीच होती मा?"

काकींनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"मी त्या दिवशी घराकडे नव्हतंय," तो म्हणाला. "दर्यार होतंय. आयेन माका सांगल्यान, नायलॉनची होती. म्हणान मीव तसाच सांगलंय."

"मगे तू आयेक परत कधी इचारलंस?" काकींनी विचारलं.

त्याने मान हलवली. विचारलं नव्हतं. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, तिच्या हातचं तो रोज जेवला, पण विचारलं नाही.

काकींनी त्याला भात आणि बांगड्याची आमटी वाढली. त्याने जेवून ताट पुढे सारलं आणि पुन्हा तेच विचारलं. निघताना उंबऱ्यावर उभा राहून तिसऱ्यांदा विचारलं. "एकदा म्हण, आक्का. नायलॉनची होती म्हणान. तू म्हटलंस तर माका झोप लागतली."

काकींनी रिक्षा बोलावली आणि त्याला स्टँडवर पाठवलं. थोड्याच दिवसांत तो गेला. त्याच्या मुलाचा फोन आला होता, बाबा शेवटी तुमच्याच नावाने बडबडत होते, म्हणून. हे कळल्यावर पुतणी रागावली. एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं, मरणाऱ्याला बरं वाटलं असतं, असं म्हणाली. वाडीतही तेच बोलतात.

"माणूस मराक लागल्लो," काकी मला म्हणाल्या. "आणि ता त्येना केल्ला नव्हता, ता माका त्याच्या तोंडावरना कळला. तरी माज्यान म्हणवला नाय. तूच सांग, तू मास्तरीण. मी म्हणूक होया होता?"

मी म्हटलं, "नाय, काकी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मी उगाच समजूत काढत नाहीये ना, हे बघत असाव्यात तशा. मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या.